पडद्याकडे पाठ

प्रोजेक्टर चालवणाऱ्या हनीफचाचांनी हॉलमधले दिवे घालवले आणि अण्णा आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. पहिल्या रांगेच्या पुढे, पडद्याच्या डाव्या कोपऱ्याला. पडद्याकडे पाठ, माणसांकडे तोंड.

"आता बघ," मी आईच्या कानात म्हटलं.

पडद्यावर एक लाल एसटी धूळ उडवत येऊन थांबली. नायक धावत आला, त्याने एक पाय पायरीवर ठेवला आणि दारात कंडक्टर आडवा आला. खाकी शर्ट, गळ्यात कातडी पिशवी, कानावर पेन. तो आमचा सुहास होता.

"उतरायचं कुठं ते आधी ठरवा," सुहास म्हणाला, "मग चढा."

हॉल हसला. मागून कुणीतरी शिटी मारली. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. पोटातलं बाळ त्या आवाजाने दचकून फिरलं. मला आठवा लागला होता, पहिल्या बाळंतपणासाठी मी मलकापूरला माहेरी आले होते. माझ्या भावाला मी कितीतरी दिवसांनी बघत होते, तेही असा, भिंतीएवढा.

मग पाऊस, मारामारी, देवळाच्या पायऱ्या, नायिकेचं रडणं, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत 'लवकरच'. ट्रेलर संपलं. आम्ही तेवढ्यासाठीच आलो होतो, उठलो. बाहेर पडताना मी वळून पाहिलं. अण्णा अजून तसेच उभे होते. एकदाही वळले नव्हते.

वळतील असं वाटायचं कारणही नव्हतं. अण्णा 'वसुंधरा' टॉकीजचे मॅनेजर. मालक झंवर शेठ अकोल्याला राहायचे. कुठला सिनेमा लावायचा आणि किती दिवस ठेवायचा ते सगळं अण्णांवर. आणि अण्णा सिनेमा कधीच बघत नसत. ट्रेलरही बघत नसत. ट्रेलर बघणाऱ्या माणसांची तोंडं बघत.

"फुटाणे खाणारा हात कुठे थांबतो ते बघायचं," ते सांगायचे. "पडदा काय, खोटंच बोलणार. त्याचं कामच आहे ते. अंधारात तोंड खोटं बोलत नाही."

त्यांचे निकाल तीनच. चालेल. पडेल. आणि मधला, आठवडा काढेल.

लहानपणी रविवारी सकाळी आम्हा दोघांना ते सोबत न्यायचे. एका बाजूला मी, एका बाजूला सुहास, तिघंही पडद्याकडे पाठ करून. दुसऱ्यांच्या पोरांचं लहानपण सिनेमे बघण्यात गेलं, आमचं सिनेमे बघणाऱ्यांना बघण्यात. मी शहाण्यासारखी तोंडं बघायची. सुहासला ते जमायचं नाही. त्याची मान हळूच मागे वळायची, आणि अण्णा न बघताच आपल्या पंजाने ती पुन्हा पुढे करायचे.

"तिकडे काय आहे?" ते विचारायचे.

"पिक्चर आहे ना, अण्णा."

"पिक्चर इकडे आहे."

त्यांचा अंदाज चुकायचा नाही. भुसावळचे वितरकसुद्धा फोन करून विचारायचे, डवलेसाहेब, काय म्हणतं तुमचं पब्लिक? त्या मानाचा अण्णांना फार अभिमान होता. पण मग त्यांना प्रत्येक गोष्टीचं ट्रेलर दिसायला लागलं. मला बघायला पाहुणे आले तर त्यांची पोहे खातानाची तोंडं बघून आत येऊन म्हणाले, पडेल. पुढच्या पाहुण्यांना म्हणाले, चालेल. त्यांच्याकडेच मी नांदते आहे. चाललंय.

सुहासचं ट्रेलर त्यांनी कॉलेजच्या गॅदरिंगला पाहिलं. नाटकात तो मुख्य कामात होता. अण्णा तिथेही स्टेजच्या कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहिले. घरी आल्यावर सुहासने विचारलं, "कसं झालं?"

"पडेल," अण्णा म्हणाले.

"नाटक?"

"तू."

बीकॉमचं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून सुहास मुंबईला निघाला तो त्यानंतर महिन्याभराने. आई दारात उभी होती, मी मागे. अण्णांनी त्याला अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "माझ्या पडद्यावर दिसलास, तर या घरात पाय ठेव."

"आणि नाही दिसलो तर?"

"तर तिकडेच बरा आहेस."

"पिक्चर बघायच्या आधीच निकाल देता तुम्ही."

"मी कधी बघतो पिक्चर?"

त्याला चार वर्षं झाली होती. माझ्या लग्नाला सुहास आला तो कार्यालयात आला आणि कार्यालयातूनच गेला. घराकडे वळला नाही. आईने किती विनवलं. म्हणाला, "आई, अट आहे. मोडली तर तुझ्याच नवऱ्याला राग येईल." हसत म्हणाला, पण गेला.

त्या दिवशी ट्रेलर पाहून आल्यावर आईने अण्णांचं ताट वाढलं आणि समोर बसली. तिला निकाल हवा होता.

"पब्लिक हसलं ना?" ती म्हणाली.

"त्या कंडक्टरला हसलं."

"कंडक्टर काय म्हणता हो, नाव आहे ना त्याला."

अण्णांनी भाकरी मोडली. "त्या एका वाक्याला हात थांबले. बाकी सगळा वेळ खात होते."

"म्हणजे?"

"पडेल."

आईने वरण वाढलं. पातेलं खाली ठेवताना त्याचा आवाज जरा मोठा झाला. थोड्या वेळाने अण्णा ताटाकडे बघतच म्हणाले, "शेठला कळवलंय मी. आठवडा काढेल म्हणून. लावतोय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. धंद्यात अण्णा खोटं बोलल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"फोन कर त्याला," ते मला म्हणाले. "शुक्रवारी बाराचा शो. म्हणावं, तिथून जेवायला घरी."

मी फोन केला. सुहासला आधी खरंच वाटेना. मग म्हणाला, "अण्णा म्हणाले? घरी म्हणाले?" त्यानंतर मी हॅलो हॅलो करत राहिले.

"ताई, एकच सीन आहे गं माझा," शेवटी तो म्हणाला.

"एकच लागतो. अटीत किती ते कुठं सांगितलंय?"

शुक्रवारी तो सकाळच्या गाडीने उतरला तो थेट टॉकीजवर. वाळला होता. नवा शर्ट, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. बॅग अण्णांच्या केबिनमध्ये ठेवली. अण्णा काउंटरपाशी होते. त्यांनी त्याला बघितलं आणि म्हणाले, "आलास."

"आलो."

"जागा ठेवल्यात. बाल्कनी, मधली रांग."

एवढंच. पण आई माझ्याकडे बघून हसली. तिने सकाळीच पुरण शिजवून ठेवलं होतं, आणि दारात ओवाळायचं तबक भरून. तुकडा कुणी ओवाळून टाकायचा, तिने की मी, यावर आमचं थोडं भांडणही झालं होतं.

दिवे गेले. आम्ही तिघं वर, सुहास मधे. खाली अण्णा पडद्याच्या कोपऱ्याला उभे. एरवी ते ट्रेलर संपलं की निघून जायचे. त्या दिवशी सिनेमा सुरू झाला तरी हलले नाहीत. हात मागे बांधून, हॉलकडे तोंड करून उभे राहिले. हॉल अर्धासुद्धा भरला नव्हता, पण गावातली ओळखीची बरीच होती. सगळ्यांना ते वाक्य पाठ झालं होतं.

"इंटरव्हलच्या जरा आधी आहे," सुहास कुजबुजला. "नायक गाव सोडून निघतो तेव्हा."

नायक गाव सोडायला निघाला. आमच्या आईने पदर सावरला, जसं काही कुणी घरात येणार आहे. नायक त्याच्या आईच्या पाया पडला, पिशवी उचलून वेशीपर्यंत चालत गेला. पुढच्या क्षणाला तो एसटीच्या खिडकीत बसलेला होता. बाहेर शेतं मागे पळत होती आणि गाणं सुरू झालं होतं.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, पुढच्या थांब्यावर असेल. मग सुहासच्या हाताला हात लागला. गार होता.

"चढला कधी हा?" आई म्हणाली.

सुहास पडद्याकडेच बघत राहिला.

"इंटरव्हलनंतर दाखवतील," ती म्हणाली. "हल्ली मागचं पुढं करतात."

मी खाली पाहिलं. अण्णा तसेच उभे होते, मागे वळले नव्हते. पण पाठीमागे गाणं वाजतंय हे त्यांना ऐकू येतच होतं, आणि समोरच्या कुठल्याच तोंडावर हसू आलेलं नव्हतं. त्यांना वळायची गरजच नव्हती. सुहास सिनेमात नाही हे त्यांनी आमच्या तोंडावर वाचलं असणार.

इंटरव्हलला सुहास उठला नाही. आम्ही पूर्ण सिनेमा पाहिला. संपल्यावर माणसं उठली, खुर्च्या धडाधड मिटल्या, आणि पडद्यावर नावं सरकायला लागली. आई बसूनच होती, नावांकडे डोळे बारीक करून.

"चल आई," सुहास म्हणाला.

"थांब, नावं चाललीत अजून."

नावं संपली. पडदा पांढरा झाला.

"तुझं इंग्रजीत होतं का?" आईने विचारलं. "मला पटकन वाचता येत नाही."

"हो," सुहास म्हणाला. "इंग्रजीत होतं."

खाली जिन्यापाशी अण्णा उभे होते. माणसं त्यांच्याकडे न बघता बाहेर पडत होती. अण्णा सुहासला म्हणाले, "चहा घेतोस?"

"नको."

"मग चल, घरी..."

"अण्णा," सुहास म्हणाला, अगदी हळू, "तुमच्या पडद्यावर कुठे दिसलो?"

त्या वेळी त्यांनी नुसतं 'मसणात गेली अट' म्हणायला हवं होतं. माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती अट त्यांची होती, मी कोण मोडणार, आणि ते जन्मभर आपला निकाल न फिरवलेले गृहस्थ. तेवढ्यात सुहास पायऱ्या उतरून गेलासुद्धा. गावातल्या मित्राकडे राहिला. घरी आईने तबकातलं निरांजन उचलून देवापुढे ठेवलं. पुरण कुणी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "ताई, बॅग राहिली अण्णांच्या केबिनमध्ये. गाडी आहे माझी. आणून देतेस?"

"एवढं पोट घेऊन? तू ये की टॉकीजवर. अण्णा तीनच्या शोला उभे नसतातच, या वेळी घरी जेवायला येतात."

हे मी म्हणाले, पण अण्णा त्या दिवशी जेवायला आले नव्हते. आई म्हणाली, कुठे अडकले असतील. मला वाटलं, वाटेत चुकामूक होईल तर बरंच. आणि झाली नाही तर त्याहून बरं.

शेवटी रिक्षा करून मीही टॉकीजवर गेले. केबिन उघडीच होती. सुहासने बॅग उचलली. मग खाली ठेवून तिची चेन उघडली आणि आतून एक लाकडी खुळखुळा काढला, लाल-हिरव्या रंगाचा.

"घे, तुझ्या बाळाला. काल द्यायचा होता. घरी."

"मग घरीच दे."

त्याने तो अण्णांच्या टेबलावर ठेवला. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून, हॉलमधून, त्याचाच आवाज आला.

"उतरायचं कुठं ते आधी ठरवा, मग चढा."

आम्ही दोघं जिथल्या तिथे थांबलो. मग तो बाहेर आला, मी त्याच्यामागे, आणि त्याने हॉलच्या दाराचा जाड पडदा थोडासा बाजूला केला.

आत माणसं अशी नव्हतीच. दहाबारा डोकी इकडेतिकडे विखुरलेली. पडद्यावर ट्रेलर चाललं होतं, त्याच सिनेमाचं, जो त्यानंतर लागायचा होता. आणि अण्णा कोपऱ्यात नव्हते. ते मधल्या वाटेत उभे होते, खुर्च्यांच्या बरोबर मधे, आमच्याकडे पाठ करून. त्यांचं तोंड पडद्याकडे होतं.

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना पडद्याकडे बघताना पाहिलं. मान जरा वर केलेली, एखादं लहान मूल विमान बघतं तशी. 'लवकरच' ही अक्षरं आली. अण्णांनी हात वर केला आणि मागे, वरच्या खिडकीकडे खूण केली. हनीफचाचांनी ट्रेलर पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

"ओ डवलेसाहेब," समोरून एकजण ओरडला, "हाच तं लागला आहे. याचंच ट्रेलर कायले दाखवता?"

पुन्हा एसटी आली. पुन्हा धूळ. पुन्हा सुहास दारात आडवा आला, आणि पडद्याचा उजेड अण्णांच्या पांढऱ्या केसांवर पडला. वाक्य संपलं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. त्यांचे खांदे मात्र हलले. हसले की काय झालं, मला मागून कळलं नाही.

"जा," मी सुहासला म्हटलं. "जा ना. दिसलास बघ त्यांच्या पडद्यावर. झाली अट पुरी."

सुहास माझ्या शेजारी दाराचा पडदा धरून उभा होता. पडद्यावर दिसणाऱ्या स्वतःकडे त्याने बघितलंच नाही. तो अण्णांच्या पाठीकडे बघत होता, लहानपणी शिकवलं होतं तसं, एकटक. मला वाटलं आता हा जाईल. त्याचा पाय उचललासुद्धा.

मग तो थांबला. "ताई, काय वाटतं?"

आमचा जुना खेळ, अण्णांसारखा निकाल द्यायचा.

"आठवडा काढेल," सुहास म्हणाला, आणि पडदा सोडून दिला.

मी त्याच्यासोबत स्टेशनपर्यंत गेले, रिक्षाने. वाटेत मी खूप बोलले, तो फक्त माझी पिशवी सांभाळत होता. फलाटावर म्हणाला, "त्यांची अट पुरी झाली गं. माझी नाही झाली. त्यांनी मला सिनेमात बघायला हवं होतं. ट्रेलरमध्ये काय, मी त्यांना आधीपासूनच दिसतोय."

"आणि आई?"

"आईला सांग, इंग्रजीत होतं नाव."

गाडी आली. तो चढला. दारातून त्याने मला हात केला, आणि गाडी हलताना माझ्याच तोंडून ते वाक्य येता येता राहिलं.

सिनेमा सोमवारी उतरला. ट्रेलर उतरलं नाही. पुढचा सिनेमा लागला तरी त्याच्या आधी ते लागायचं, त्याच्या पुढच्याच्याही आधी. येऊन गेलेल्या, पडलेल्या सिनेमाचं ट्रेलर, आणि शेवटी 'लवकरच'. गाव हसलं. शेठचा अकोल्याहून फोन आला. मग गावाला सवय झाली. सुहास दारात आला की पोरं त्याच्यासोबत ओरडून ते वाक्य म्हणायची.

मला मुलगी झाली. बारशाला मामा आला नाही. पाळण्याला तो खुळखुळा बांधला होता.

सासरी परत जायच्या दिवशी मी तिला घेऊन टॉकीजवर गेले, अण्णांचा निरोप घ्यायला. बाराच्या शोची वेळ झाली होती. अण्णांनी नातीला मांडीवर घेतलं. तिच्या मुठीत खुळखुळा होता, तो त्यांनी हलकेच वाजवला.

"हा माझ्या टेबलावर होता," ते म्हणाले.

त्यांनी तो पुन्हा एकदा वाजवला.

"हनीफने वरून पाहिलं त्याला. दाराशी होता म्हणे. तूही होतीस."

"हो, अण्णा."

ते बराच वेळ तिच्या बोटांशी खेळत राहिले. बाहेर घंटा झाली.

"आयुष्यभर तोंडं बघितली मी," ते म्हणाले. "एकदाच तिकडे वळलो. आणि तेव्हाच तो माझ्या मागे उभा." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कसं होतं गं तोंड त्याचं?"

माझी मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"आठवडा काढेल असं म्हणाला," मी म्हटलं.

अण्णांनी मान हलवली. वितरकाचा फोन ठेवताना हलवायचे तशीच. मुलीला माझ्या हातात दिलं, तिचं टोपडं नीट केलं, आणि हॉलमध्ये गेले. मी दारातून पाहिलं. दिवे गेले. एसटीचा हॉर्न वाजला. अण्णा आपल्या जुन्या कोपऱ्यात उभे होते, पडद्याकडे पाठ करून. सुहासचं वाक्य त्यांच्या मागे येऊन गेलं, पोरं ओरडली, आणि त्यांची नजर अंधारात एकेक रांग, एकेक तोंड बघत मागेपर्यंत आली, अगदी दारापर्यंत. तिथे मी आणि माझी मुलगी होतो. आमच्यावर ती थोडी थांबली, आणि मग आमच्या मागच्या रिकाम्या जागेकडे गेली.